भूमीचें ऋण कोणीं फेडावें?

मनुष्य जन्मास येतांना देवऋण, ऋषिऋण व पितृऋण अशीं तीन ऋणें घेऊन येतो, असें आपल्या शास्त्रकारांनीं सांगितलें आहे. या गणनेंत भूमीच्या ऋणाचा निर्देश नाहीं, याचें नवल वाटतें. कदाचित् तें इतकें उघड होतें कीं, त्याचा वेगळा उल्लेख करण्याची आवश्यकता त्यांस भासली नसावी. किंवा ज्यांनीं शास्त्रें लिहिलीं ते स्वतः नांगर धरणारे नव्हते, हेंहि त्याचें एक कारण असूं शकेल. तें कांहींहि असो. या चौथ्या ऋणाची आठवण अलीकडे समाजास होऊं लागली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. सभा-परिषदांतून आणि वर्तमानपत्रांतून सेंद्रिय शेतीचा, विषमुक्त अन्नाचा व जुन्या वाणांच्या पुनरुज्जीवनाचा पुरस्कार होत आहे. परंतु ऋणाचा विचार करतांना दोन प्रश्न निराळे ठेवावे लागतात. ऋण आहे काय, हा पहिला. आणि तें फेडावयाचें कोणीं, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर आपण सारे एकमुखानें देतों. दुसरा निघाला म्हणजे मात्र सर्वांचीं बोटें एकाच माणसाकडे वळतात, आणि तो माणूस म्हणजे कोरडवाहू शेतकरी. हा न्याय आहे काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठीं दृष्टांत शोधावयास दूर जाण्याचें कारण नाहीं. आमचा परभणी जिल्हा त्यास पुरेसा आहे.

गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतील येथील काळी जमीन दख्खनच्या काळ्या खडकाच्या झिजेपासून बनलेली आहे. ती पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यांत भेगाळते आणि पावसांत पायास चिकटून बसते. या जमिनींत पिढ्यान् पिढ्या ज्वारी, तूर, मूग, उडीद, करडई व कापूस हीं पिकें एकमेकांच्या सोबतीनें घेतलीं जात. ज्वारीचें कणीस माणसाला, कडबा बैलाला, बैलाचें शेण उकिरड्याला आणि उकिरडा पुन्हां शेताला, असें हें चक्र फिरत असे. तुरीच्या मुळांवरील गांठींत राहणारे सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र जमिनींत आणून ठेवीत, आणि तिचीं गळालेलीं पानें त्याच जमिनीचें पांघरूण होत. शास्त्राचीं नांवें कोणास ठाऊक नव्हतीं. पण शास्त्राचें काम चाललें होतें. डॉ. व्होल्कर या इंग्रज कृषिरसायनज्ञानें हिंदुस्थानची शेती हिंडून पाहिली आणि १८९३ सालीं आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत त्यानें येथील चांगला रयत इंग्लंडांतील सामान्य शेतकऱ्याच्या तोडीचा, किंबहुना कांहीं बाबतींत सरस आहे, असा निर्वाळा दिला होता.

तथापि या जुन्या व्यवस्थेचें चित्र रंगवितांना हात आंवरावा लागतो. १८९९-१९०० च्या दुष्काळांत या दख्खनच्या पठारावर रासायनिक खताचा कण पडलेला नव्हता, तरी माणसें व गुरें अन्नावांचून मेलीं. १९७२ च्या दुष्काळाची आठवण तर मराठवाड्यांतील वृद्ध मंडळींस अद्याप आहे. उत्पन्न थोडें, सावकार कठोर आणि पाऊस लहरी, अशी ती शेती होती. ती विषावांचून होती, भुकेवांचून नव्हती. तेव्हां ‘मागें चला’ असें जो म्हणतो, त्यानें मागें काय काय होतें तें सगळें सांगितलें पाहिजे.

येथें ज्ञानाचा दुष्काळ होता, असेंहि कोणास म्हणतां येणार नाहीं. हैद्राबाद संस्थानच्या अमदानींत १९१८ सालीं परभणीस मुख्य प्रयोगक्षेत्र स्थापन झालें. १९५६ सालीं कृषि महाविद्यालय निघालें आणि १९७२ च्या मे महिन्यांत मराठवाडा कृषि विद्यापीठ अस्तित्वांत आलें. २०१३ पासून तें वसंतराव नाईक यांच्या नांवानें ओळखलें जातें. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगास दाद न देणारी ‘परभणी क्रांति’ भेंडी येथलीच. लोह व जस्त यांचें प्रमाण अधिक असलेली ‘परभणी शक्ति’ ज्वारी २०१८ सालीं प्रसारित झाली तीहि येथूनच. मेहबूब बागेच्या कापूस संशोधन केंद्रांत देशी कापसावर दीर्घकाळ काम झालें आहे. या देशी कापसाचीं मुळें खोल जातात, पाण्याचा ताण तो सोसतो, रस शोषणाऱ्या किडींस सहसा बळी पडत नाहीं, आणि सरळ वाण असल्यामुळें त्याची सरकी राखून पुढील वर्षीं पेरतां येते. बोंड लहान आणि धागा आंखूड हे त्याचे दोष सांगण्यांत येत. त्यांपैकीं दुसरा दोष येथील शास्त्रज्ञांनीं पी. ए. २५५, पी. ए. ४०२ यांसारखे लांब धाग्याचे वाण काढून पुष्कळ अंशीं दूर केला. मग हा कापूस जिल्ह्याच्या शिवारांत कां दिसत नाहीं?

या प्रश्नाचें उत्तर शेतकऱ्याच्या स्वभावांत नाहीं, बाजाराच्या स्वभावांत आहे. १९७० नंतर संकरित कापूस आला, आणि त्याच्यासवें दरवर्षीं बियाणें विकत घेण्याची रीत आली. मार्च २००२ मध्यें बीटी कापसास परवानगी मिळाली. आरंभीं हिरव्या बोंडअळीचा उपद्रव घटला आणि फवारण्याहि कमी झाल्या; हा लाभ नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल. पुढें गुलाबी बोंडअळीनें त्या विषास न जुमानण्याची शक्ति मिळविली आणि २०१७ सालीं महाराष्ट्रांतील कापसाचें अतोनात नुकसान केलें. त्याच वर्षीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. पण तोंवर साऱ्या व्यापाराची घडी लांब धाग्याच्या संकरित कापसावर बसली होती. एखाद्यानें हट्टानें देशी कापूस पेरलाच, तर मोंढ्यावर त्यास वेगळा भाव मिळेल, याची हमी देणारा कोणी नव्हता.

ज्वारीची कथा याहून बोधप्रद आहे. १९६४ सालीं सी. एस. एच. १ हा पहिला संकरित वाण आला. दाणा वाढला, ताटें खुजीं झालीं, कडबा घटला. आणि खरिपांत काढणीच्या वेळीं पाऊस आला म्हणजे दाणा काळा पडूं लागला. इकडे शिधावाटपाच्या दुकानांत गहू-तांदूळ स्वस्त झाले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें गहू दोन रुपये व तांदूळ तीन रुपये किलो ठरला, आणि जानेवारी २०२३ पासून हें धान्य विनामूल्य मिळूं लागलें. गरिबाच्या मुखीं घांस गेला, हें सर्वथा योग्यच झालें. भरड धान्याची तरतूदहि त्या कायद्यांत होती. परंतु दुकानांत बहुधा गहू-तांदूळच आले, आणि ज्वारीचा खाणारा हरपला. खाणाराच नाहीं तर पेरणारा कोठून असणार? तिची जागा सोयाबीननें घेतली. सोयाबीन शेंगवर्गीय असलें तरी त्यानें मिळविलेल्या नत्राचा मोठा भाग दाण्याबरोबर शेताबाहेर जातो, आणि मागें जें भुसकट राहतें तें कडब्याची बरोबरी करीत नाहीं. कडबा गेला तसे बैल गेले; बैल गेले तसें शेण गेलें; आणि आज पोळ्याच्या दिवशीं कित्येक घरीं मातीच्या बैलाची पूजा होते. या साऱ्या उतरणीवर शेतकऱ्यानें केवळ अविचारानें टाकलें असें एकहि पाऊल दाखवितां येत नाहीं. प्रत्येक वळणावर त्यानें तेंच केलें जें एखादा शहाणा गृहस्थ त्याच्या जागीं असतां करता. आणि तरीहि सर्व शहाण्या पावलांची बेरीज जमिनीच्या दारिद्र्यांत झाली. व्यक्तीचा विवेक आणि समाजाचें हित यांची अशी फारकत होते, तेव्हां दोष व्यक्तीवर ठेवून मोकळें होणें हा नीतिविचार नव्हे.

सेंद्रिय शेतीचें आधुनिक शास्त्र आपल्या शेजारींच जन्मलें, ही गोष्ट येथें स्मरणीय आहे. अल्बर्ट हॉवर्ड १९०५ सालीं या देशांत आला, आणि १९२४ ते १९३१ पर्यंत इंदूर येथील संस्थेंत त्यानें खतनिर्मितीची पद्धति सिद्ध केली. तिचें विवरण करणारा १९३१ चा ग्रंथ त्यानें यशवंत वाड या आपल्या सहकाऱ्यासह लिहिला. इंदूरच्या प्रयोगक्षेत्रावर पऱ्हाट्या व तुऱ्हाट्या गाडीरस्त्यावर अंथरून चाकांखालीं चिरडीत. मग त्या गुरांच्या पायांखालीं पसरीत, आणि शेण, मूत्रानें भिजलेली माती व राख यांच्यासह थरांवर थर रचून सुमारें तीन महिन्यांत त्यांचें कसदार खत करीत. त्याच पऱ्हाट्या आज आपल्याकडे पुष्कळ ठिकाणीं बांधावर पेटविल्या जातात. ‘पहा, खत जाळतो आहे!’ असें आपण म्हणतों. पण हॉवर्ड व वाड हे संस्थेच्या वेतनावर प्रयोग करीत होते. एखादा ढीग बिघडला म्हणून त्यांच्या घरची चूल विझणार नव्हती. प्रयोगाचा धोका सार्वजनिक होता. आज आपण शेतकऱ्यास तोच प्रयोग करावयास सांगतों, मात्र धोका त्याच्या एकट्याच्या नांवावर टाकतों.

हा धोका केवढा आहे तें नीट पाहूं. सेंद्रिय म्हणून प्रमाणपत्र मिळविण्यासाठीं हंगामी पिकांच्या बाबतींत निदान दोन वर्षांचा व फळबागांच्या बाबतींत तीन वर्षांचा संक्रमणकाळ पाळावा लागतो. या काळांत उत्पन्न घटतें, आणि भाव मात्र पूर्वींचाच राहतो. जगभरच्या तुलनात्मक अभ्यासांचा निष्कर्ष असा आहे कीं, सेंद्रिय शेतीचें उत्पन्न सरासरीनें एक पंचमांश ते एक चतुर्थांश कमी भरतें. कोठें ही तूट फार लहान असते, कोठें मोठी. ज्याच्यापाशीं चार एकर कोरडवाहू जमीन आहे, आणि ज्याचें देणें दुकानदाराकडे व बँकेकडे आधींच थकलें आहे, त्यास दोन वर्षें ही तूट सोसणें म्हणजे काय, हें सांगण्यास अर्थशास्त्र नको. तणनाशक वर्ज्य केलें म्हणजे खुरपणी वाढते, आणि ती करणाऱ्या बहुधा स्त्रियाच असतात. तेव्हां आपल्या विषमुक्त भाकरीचा भार कोणाच्या कमरेवर पडतो, हेंहि विचारलें पाहिजे. जो दुसऱ्याची जमीन बटईनें करतो त्याची अडचण तर मूलभूतच आहे. मातीचा कस वाढावयास वर्षांमागून वर्षें लागतात, आणि त्याचा करार एका सालाचा. पुढल्या वर्षीं जी जमीन दुसऱ्याच्या हातीं जाणार तिच्यांत त्यानें आपला घाम कशासाठीं पुरावा?

सरकारचा कलहि पाहण्यासारखा आहे. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्यास पावणेतीनशें रुपयांच्या आंत मिळत आली आहे, कारण उरलेली किंमत खजिन्यांतून भरली जाते; रासायनिक खतांवरील केंद्राचें अनुदान अलीकडच्या वर्षांत सालीना एक लाख कोटी रुपयांवर गेलें आहे. शेणखताची गाडी मात्र त्यास पुऱ्या किंमतीनें घ्यावी लागते. २०१५ सालीं परंपरागत कृषि विकास योजना निघाली, आणि तीन वर्षें साह्य देण्याचें तिचें तत्त्व बरोबरच आहे. पण दोन पारड्यांतील वजनें पाहिलीं म्हणजे तराजू कोणीकडे झुकला आहे तें लपत नाहीं. एका हातानें युरिया स्वस्त करावयाचा आणि दुसऱ्या हातानें संयमाचा उपदेश लिहावयाचा, यास धोरण म्हणतां येईल. नीति म्हणतां येणार नाहीं.

परक्या देशांचे दोन अनुभव येथें मार्गदर्शक होतील. श्रीलंकेच्या सरकारनें एप्रिल २०२१ मध्यें रासायनिक खतांची आयात एका आज्ञेनें बंद केली. हेतु उदात्त म्हणून सांगण्यांत आला. पण शेतकऱ्याची तयारी नव्हती, पुरेसें सेंद्रिय खत नव्हतें, आणि तुटीचा भार वांटून घेण्याची योजना नव्हती. भाताचें पीक बुडालें, चहास धक्का बसला, आणि नोव्हेंबरमध्यें ती आज्ञा मागें घ्यावी लागली. याउलट कॅरिबियन समुद्रांतील क्यूबा या बेटाचा अनुभव. १९९१ सालीं सोव्हिएट संघ कोसळला, आणि तेथून येणारें तेल, खतें व कीटकनाशकें अकस्मात् आटलीं. तेव्हां तेथें बैल पुन्हां जुंपले गेले, हॅवाना शहरांतील पडीक जागांवर भाजीपाल्याचे वाफे उठले, सरकारनें कसणारांस जमिनी वापरावयास दिल्या, आणि एका शेतकऱ्यानें दुसऱ्यास शिकवावें अशी चळवळ वाढली. क्यूबास हें सुखासुखीं साधलें नाहीं. लोकांनीं भूक सोसली, आणि आजहि त्या देशास अन्नाचा मोठा भाग बाहेरून आणावा लागतो. म्हणून त्यास आदर्श मानण्याचें कारण नाहीं. परंतु एक भेद ध्यानांत घेण्याजोगा आहे. क्यूबांत तुटीची झळ शहरालाहि लागली आणि शहरानेंहि हातीं कुदळ घेतली. श्रीलंकेंत आज्ञा राजधानींत निघाली आणि तिची पहिली किंमत शेतानें भरली. सेंद्रिय शेती फळते कीं फसते हें जसें मातीवर अवलंबून आहे, तसेंच तिचा भार कोण उचलतो यावरहि.

यावर असा आक्षेप निघेल कीं, शेती हाहि एक धंदाच आहे. नफा झाला तर तो शेतकऱ्याचा, मग तोटा झाला तर तो आपण कां वांटून घ्यावा? हा आक्षेप वरवर सडेतोड दिसतो. पण शेतकरी जेव्हां मातीचा कस राखतो तेव्हां तो केवळ स्वतःचा माल तयार करीत नाहीं. त्याच्या शेतांतून झिरपणारें पाणी गांवाच्या विहिरींत येतें. त्यानें न फवारलेलें विष मधमाशीस व मजुरास वांचवितें. त्यानें राखलेली माती अद्याप न जन्मलेल्या मुलांस अन्न देणार आहे. ज्या सद्गुणाचें फळ सर्वांस मिळतें, त्याची किंमत एकट्या आचरणाऱ्यावर टाकणें म्हणजे त्या सद्गुणास दंड करणें होय. आणि ज्या समाजांत सद्गुणास दंड होतो तेथें तो फार दिवस टिकत नाहीं, मग त्याचीं स्तुतिस्तोत्रें कितीहि गाइलीं जावोत.

दुसरा आक्षेप सेंद्रिय शेतीच्या कडव्या उपासकांकडून येईल: पाप तें पाप, परिस्थितीची सबब सांगून विष पवित्र होत नाहीं. त्यांच्या निष्ठेविषयीं आदर बाळगूनहि असें म्हणावें लागतें कीं, रिकाम्या झालेल्या जमिनींत मुलांच्या तोंडचा घांस वांचविण्यासाठीं मूठभर खत टाकणारा शेतकरी पापी नव्हे. अहिंसेच्याहि पायऱ्या असतात. जो एक फवारणी टाळतो, बांधावर तुरीची ओळ वाढवितो, पऱ्हाट्या न जाळतां कुजवितो, तो त्या पायऱ्या चढतोच आहे. शिखरावर बसून त्याची निर्भर्त्सना करण्याऐवजीं त्याच्या हातास हात देणें अधिक धर्म्य आहे.

मग हात द्यावयाचा कोणीं? शिधावाटपाच्या धान्यावर जगणाऱ्या मजुरानें महाग ज्वारी घ्यावी, असें म्हणणें क्रूरपणाचें होईल. हा भार आम्हां वेतनजीवी लोकांचा आहे. महागाई वाढली म्हणजे आमचा भत्ता वाढतो; ज्याच्या मालाच्या भावावरून ती महागाई मोजतात त्यास मात्र असा भत्ता नाहीं. हिंवाळ्यांत एक दिवस शेतावर जाऊन हुरडा खावा, मातीच्या गंधाचें कौतुक करावें, आणि सोमवारीं बाजारांत चार रुपयांसाठीं त्याच शेतकऱ्याशीं घासाघीस करावी, हें ऋण फेडण्याचें लक्षण नव्हे. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत, शाळांच्या माध्यान्ह भोजनांत व रुग्णालयांच्या भटारखान्यांत परभणीची ज्वारी आधीं ठरलेल्या भावानें घेणें अशक्य नाहीं. शेजारच्या पांच-दहा कुटुंबांनीं मिळून एका शेतकऱ्याचें धान्य पेरणीपूर्वींच बोलून ठेवणें, आणि पीक कमी आलें तरी ठरलेल्या रकमेंत कपात न करणें, यास कोणत्याहि सरकारी हुकुमाची गरज नाहीं. संक्रमणाचीं तीं दोन-तीन वर्षें समाजानें आपल्या खांद्यावर घेतलीं, तर पुढचा मार्ग शेतकरी स्वतःच काढील. त्यास शेती शिकविण्याची गरज नाहीं.

भूमि कोणापाशीं तगादा लावीत नाहीं, म्हणून तिचें ऋण विसरणें सोपें जातें. ती केवळ दरवर्षीं थोडें कमी देते. आज जो तिच्यावर राबतो त्याच्याच नांवावर तें ऋण चढविलें गेलें आहे. पण खातें उघडून पाहिलें तर त्यांत प्रत्येक जेवणाऱ्याची सही आढळेल. ती आपलीच आहे हें मान्य करणें, आणि आपल्या वांट्याचा हप्ता आपणच भरणें, एवढेंच न्यायाचें मागणें आहे. त्याहून कमी दिलें तर सेंद्रिय शेतीचा आपला सारा पुरस्कार हा दुसऱ्याच्या पैशानें केलेला दानधर्म ठरेल.